करडईच्या तेलाची पारख : कमी द्रावकात, कमी पाण्यात

रब्बी हंगामातील कोरडवाहू तेलबिया पिकांत करडईला महत्त्वाचे स्थान आहे. खोल जाणारे सोटमूळ, अवर्षण सहन करण्याची ताकद आणि काटेरीपणामुळे जनावरांपासून मिळणारे संरक्षण यामुळे सोलापूर, उस्मानाबाद (आताचे धाराशिव), बीड, लातूर, परभणी या भागांत हे पीक पिढ्यान्‌पिढ्या घेतले जाते. गेल्या काही दशकांत करडईचे क्षेत्र बरेच घटले. मजुरांची टंचाई, हरभऱ्यासारखे पर्यायी पीक आणि बाजारभाव ही त्याची मुख्य कारणे होत. यांपैकी भावाच्या कारणाशी एक गोष्ट निगडित आहे, तिचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मोंढ्यात करडई वजनावर विकली जाते. ओल, कचरा आणि फार झाले तर दाण्याचा भरीवपणा पाहिला जातो. दाण्यात तेल किती आहे आणि ते कोणत्या जातीचे आहे, हे डोळ्यांना दिसत नाही आणि हातालाही कळत नाही. ते केवळ प्रयोगशाळेत कळते. ही तपासणी आजवर खर्चिक, वेळखाऊ आणि आरोग्याला अपायकारक रसायनांवर अवलंबून होती. त्यामुळे ती संशोधन केंद्रे आणि मोठे कारखानदार यांच्यापुरतीच मर्यादित राहिली. आता कमी रसायने, कमी पाणी आणि कमी वीज लागणाऱ्या पर्यावरणपूरक पद्धती उपलब्ध झाल्या आहेत. त्या नीट समजून घेतल्यास शेतकरी गटांनाही या तपासणीचा लाभ घेता येईल.

तेलातील स्निग्धाम्ले म्हणजे काय?

कोणतेही खाद्यतेल हे मुख्यतः ग्लिसरीन आणि स्निग्धाम्ले यांच्या संयोगातून बनलेले असते. स्निग्धाम्ल म्हणजे कार्बनच्या अणूंची लांब साखळी. वनस्पती तेलांत १६ किंवा १८ कार्बनच्या साखळ्या प्रामुख्याने आढळतात. साखळीत एकही दुहेरी बंध नसेल तर ते संपृक्त स्निग्धाम्ल होय. उदाहरणार्थ पामिटिक आणि स्टिअरिक आम्ल. ओलेइक आम्लात एक, लिनोलेइक आम्लात दोन, तर लिनोलेनिक आम्लात तीन दुहेरी बंध असतात.

दुहेरी बंध जितके जास्त, तितका हवेतील प्राणवायूचा हल्ला त्या तेलावर लवकर होतो आणि तेल खवट होते. ओलेइक आम्लाच्या तुलनेत लिनोलेइक आम्लाचे ऑक्सिडीकरण सुमारे दहापट वेगाने होते. म्हणून तळणासाठी आणि दीर्घकाळ साठवणीसाठी ओलेइक आम्ल जास्त असलेले तेल चांगले समजले जाते. याचा अर्थ लिनोलेइक आम्ल वाईट असा मात्र नाही. हे आम्ल आपले शरीर तयार करू शकत नाही, ते आहारातूनच मिळवावे लागते. साधी करडई हा त्याचा उत्तम स्रोत आहे. तात्पर्य, कोणते तेल कोणत्या कामासाठी हवे, यावर त्याची किंमत ठरते.

तक्ता १ : तेलातील स्निग्धाम्लांचे प्रमाण (टक्के, ढोबळ मानाने)

| तेल | संपृक्त | ओलेइक | लिनोलेइक | लिनोलेनिक |
|---|---|---|---|---|
| करडई (साधी) | ९–१० | १२–१६ | ७३–७८ | अत्यल्प |
| करडई (उच्च ओलेइक) | ७–९ | ७०–८० | १०–२० | अत्यल्प |
| भुईमूग (साधा) | १५–२० | ४०–५२ | २८–३८ | अत्यल्प |
| तीळ | १४–१६ | ३६–४३ | ४०–४७ | अत्यल्प |
| सोयाबीन | १४–१६ | २०–२६ | ५०–५६ | ६–८ |
| जवस | ९–११ | १६–२४ | १३–१७ | ४८–५७ |

करडईच्या दोन ओळी मुद्दाम पाहाव्यात. पीक तेच, दाणाही दिसायला सारखाच. पण तेल जवळजवळ उलट स्वभावाचे आहे.

बियाणे भारताचे, पारख परदेशात

उच्च ओलेइक करडईचा इतिहास आपल्या दृष्टीने बोधप्रद आहे. करडईच्या सर्व तेलांत लिनोलेइक आम्लच जास्त असते असा समज होता. १९५७ च्या सुमारास करडईच्या काही बियांच्या तेलाचे आयोडीन मूल्य फार कमी आढळले. आयोडीन मूल्य म्हणजे तेलातील दुहेरी बंधांचे माप. साध्या करडईत ते १४० च्या आसपास असते, तर या नमुन्यात ते भुईमुगाच्या तेलाइतके खाली होते. हे बियाणे मूळ भारतातून गेलेले होते. कॅलिफोर्निया विद्यापीठातील करडईचे शास्त्रज्ञ पॉल नोल्स यांनी या गुणाची आनुवंशिकता अभ्यासली आणि त्यातून १९६६ मध्ये ‘यूसी-१’ हे उच्च ओलेइक वाण प्रसारित झाले.

म्हणजे गुण आपल्या मातीतल्या बियाण्यात होता, पण त्याची ओळख तपासणीमुळे पटली आणि ज्यांनी तपासले त्यांनी त्याचा प्रथम उपयोग केला. पुढे आपल्याकडेही या दिशेने काम झाले. हैदराबाद येथील भारतीय तेलबिया संशोधन संस्थेने उच्च ओलेइक करडईचे वाण विकसित केले. भुईमुगात गिरनार-४ आणि गिरनार-५ या वाणांत ओलेइक आम्ल सुमारे ७८ टक्के असते. १६ ऑक्टोबर २०२० रोजी राष्ट्राला अर्पण केलेल्या १७ जैवसंवर्धित वाणांत या दोन वाणांचा समावेश होता. असे वाण शेतात आले, तरी त्याचा माल साध्या मालात मिसळून एकाच भावाने विकला गेला तर शेतकऱ्याच्या पदरात काय पडणार? वाणाबरोबर तपासणीही गावाजवळ आली पाहिजे.

जुनी पद्धत कशी होती?

तेल काढण्यासाठी सॉक्सलेट उपकरण वापरले जाते. जर्मन शास्त्रज्ञ फ्रान्झ फॉन सॉक्सलेट यांनी ते १८७९ मध्ये दुधातील स्निग्धांश मोजण्यासाठी तयार केले. बियांची पूड सुमारे ५ ग्रॅम घेऊन ती जाड गाळणकागदाच्या नळीत भरतात. खालच्या चंबूत सुमारे १५० मिलिलिटर पेट्रोलियम ईथर किंवा हेक्झेन हे द्रावक घेऊन तापवितात. द्रावकाची वाफ वर जाते, थंड नळीत तिचे पाणी होते तसे पुन्हा द्रव होते, थेंबथेंब पुडीवर पडते आणि तेल विरघळवून खाली आणते. हे चक्र सहा ते आठ तास चालते. नंतर द्रावक उडवून राहिलेले तेल वजन करतात. तेल उताऱ्याच्या मोठ्या सॉल्व्हंट प्लँटमध्येही पेंडीतले तेल हेक्झेननेच काढतात, तत्त्व एकच.

यातून तेलाचे प्रमाण कळते. स्निग्धाम्ले कळण्यासाठी पुढची पायरी असते. तेलाची मिथेनॉलबरोबर रासायनिक क्रिया करून स्निग्धाम्लांचे मिथाइल एस्टर बनवितात, कारण ते सहज वायुरूप होतात. ते गॅस क्रोमॅटोग्राफ या यंत्रात सोडतात. केसासारख्या बारीक, पण कित्येक मीटर लांब नळीतून वाहक वायू या एस्टरांना पुढे नेतो. प्रत्येक स्निग्धाम्ल आपापल्या वेळी बाहेर पडते आणि कागदावर त्याचे शिखर उमटते. शिखराच्या क्षेत्रफळावरून टक्केवारी काढतात. स्निग्धाम्लांसाठी ही पद्धत इंग्लंडमध्ये जेम्स आणि मार्टिन यांनी १९५२ मध्ये मांडली. अचूकतेच्या बाबतीत आजही हीच पद्धत प्रमाण मानली जाते.

जुन्या पद्धतीचे दोष

पदव्युत्तर शिक्षण घेताना मी सॉक्सलेटचे सहा संच एकाच वेळी लावून रात्र काढलेली आहे. खोलीत ईथरचा वास भरून राही, डोके दुखे आणि वापरलेले द्रावक सरळ मोरीत ओतण्याची पद्धत होती. त्या वेळी यात काही चुकते आहे असे आम्हा विद्यार्थ्यांना वाटले नाही. आज विचार करता पुढील दोष स्पष्ट दिसतात.

१) आरोग्य : हेक्झेनची वाफ दीर्घकाळ हुंगल्यास हातापायांच्या मज्जातंतूंना इजा होते, बधिरता येते. क्लोरोफॉर्म यकृताला घातक आहे. एस्टर बनविण्यासाठी वापरले जाणारे बोरॉन ट्रायफ्लोराइड विषारी आणि त्वचेला जाळणारे आहे.

२) आग : ईथर आणि हेक्झेन हे दोन्ही अत्यंत ज्वालाग्राही आहेत.

३) हवा व पाणी : आयोडीन मूल्य काढताना पूर्वी कार्बन टेट्राक्लोराइड वापरीत. हा पदार्थ विषारी तर आहेच, शिवाय वातावरणातील ओझोनच्या थराचा नाश करतो. त्यामुळे प्रमाण पद्धतीतून तो काढून टाकून सायक्लोहेक्झेन आणि ॲसिटिक आम्ल यांचे मिश्रण आणले गेले. मोरीत ओतलेले द्रावक शेवटी जमिनीत आणि विहिरीतच जाते.

४) पाण्याचा अपव्यय : थंड नळीतून सतत पाणी सोडावे लागते. मिनिटाला एक लिटर धार धरली तरी आठ तासांत ४८० लिटर पाणी वाहून जाते. अवर्षणप्रवण जिल्ह्यातील पिकाची तपासणी करताना एवढे पाणी गटारात सोडणे शोभत नाही.

५) बियाणे नष्ट होते : पूड केलेला दाणा पेरता येत नाही. पैदासकाराला तर एकेका झाडाचे मोजकेच दाणे मिळतात.

पर्यावरणपूरक पद्धती

अमेरिकेतील रसायनशास्त्रज्ञ पॉल अनास्टस आणि जॉन वॉर्नर यांनी १९९८ मध्ये हरित रसायनशास्त्राची १२ तत्त्वे मांडली. त्यांतील पहिले तत्त्व असे की, घाण करून मग ती साफ करण्यापेक्षा ती होऊच न देणे बरे. शेतातील तणाबाबत आपण हेच सांगतो. तेलाच्या तपासणीत हे तत्त्व पुढीलप्रमाणे लागू केले गेले आहे.

अ) एकाच नळीत सर्व क्रिया : स्पेनमधील गार्सेस आणि मांचा यांनी १९९३ मध्ये तेल काढणे आणि एस्टर बनविणे या दोन्ही क्रिया एकाच नळीत करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. या धर्तीवर आज बहुतेक ठिकाणी काम करता येते. दाण्याची १० ते ५० मिलिग्रॅम पूड झाकणाच्या काचनळीत घेतात. तीत सल्फ्युरिक आम्ल मिसळलेले एक-दोन मिलिलिटर मिथेनॉल घालून ८० अंश सेल्सिअसला सुमारे एक तास तापवितात. थंड झाल्यावर मिठाचे पाणी आणि एक मिलिलिटर हेप्टेन घालून हलवितात. एस्टर वरच्या थरात येतात, तोच थर यंत्रात सोडतात. १५० मिलिलिटरच्या जागी दोन-तीन मिलिलिटर द्रावकात काम होते, सॉक्सलेटची गरज राहात नाही आणि नळाचे पाणीही लागत नाही.

तेल आधीच काढलेले असेल तर काम आणखी सोपे होते. तेलाचे काही थेंब हेप्टेनमध्ये विरघळवून मिथेनॉलमधील पोटॅशियम हायड्रॉक्साइड घालून हलविल्यास न तापविता काही मिनिटांत एस्टर तयार होतात. मात्र तेल जुने, आंबूस किंवा ओलसर दाण्याचे असेल तर ही पद्धत चालत नाही, कारण सुटी झालेली आम्ले अल्कलीमुळे साबण बनतात, एस्टर बनत नाहीत.

आ) कमी घातक द्रावके : हेक्झेनऐवजी हेप्टेन वापरल्यास मज्जातंतूंचा धोका बराच कमी होतो. संत्र्याच्या सालीतून मिळणारे लिमोनीन आणि उसाच्या चिपाडासारख्या शेतमालापासून बनविता येणारे मिथाइल टेट्राहायड्रोफ्युरान यांचाही तेल काढण्यासाठी उपयोग होऊ शकतो. दाबाखालचा कार्बन डायऑक्साइड हेही चांगले द्रावक आहे. ३१ अंश सेल्सिअसच्या वर आणि सुमारे ७४ बार दाबाच्या पुढे हा वायू द्रवासारखा वागून तेल विरघळवितो. दाब काढताच उडून जातो व मागे काहीही उरत नाही. परंतु यंत्र महाग असल्याने ते सर्वत्र परवडणारे नाही.

इ) पाण्याचा पुनर्वापर : ज्या ठिकाणी सॉक्सलेट वापरणे अपरिहार्य आहे, तेथे थंड पाणी फिरते ठेवणारी टाकी बसवावी. ठराविक पाणी पुन्हा पुन्हा वापरले जाते. वापरलेले द्रावक मोरीत न ओतता ऊर्ध्वपातनाने शुद्ध करून परत वापरावे.

ई) वाहक वायू : गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये हेलियम वायू वापरण्याची प्रथा आहे. हेलियम जमिनीतून नैसर्गिक वायूबरोबर मिळतो, तो पुन्हा तयार करता येत नाही आणि महाग आहे. त्याऐवजी हायड्रोजन वापरता येतो. तो लहान यंत्राच्या साहाय्याने पाण्यापासून जागेवरच बनविता येतो आणि तपासणीही लवकर होते. यंत्राच्या ज्योतीसाठी हायड्रोजन लागतोच. फक्त गळती ओळखणारे साधन बसविणे आवश्यक आहे.

उ) प्रकाशाने तपासणी : यात द्रावक अजिबात लागत नाही. दृश्य तांबड्या प्रकाशाच्या पलीकडच्या निकट अवरक्त किरणांचा झोत अखंड दाण्यांवर सोडतात. तेल, पाणी आणि प्रथिने यांतील बंध हे किरण वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात. परत येणाऱ्या किरणांवरून यंत्र ओल, तेल, प्रथिने आणि योग्य तयारी असल्यास ओलेइक व लिनोलेइक आम्लही सांगते. एका नमुन्याला एखादा मिनिट लागतो आणि दाणे जसेच्या तसे परत मिळतात. धान्याच्या तपासणीसाठी या किरणांचा उपयोग अमेरिकेच्या कृषी खात्यातील कार्ल नॉरिस यांनी १९६० च्या दशकात विकसित केला. हैदराबादजवळील इक्रिसॅट संस्थेत उच्च ओलेइक भुईमुगाची निवड करताना या पद्धतीचा उपयोग झाला आहे. एनएमआर नावाच्या चुंबकीय यंत्रानेही दाणा न फोडता तेलाचे प्रमाण काढता येते.

ऊ) अर्ध्या बीची पद्धत : कॅनडातील डाउनी आणि हार्वे यांनी १९६३ मध्ये मोहरीवर्गीय पिकात ही युक्ती वापरली. बी भिजवून अंकुरित करतात, एक बाह्य दल काढून त्याची स्निग्धाम्ले तपासतात आणि उरलेला अंकुर लावतात. हवे तेच रोप पुढे वाढवितात. एकाच नळीची पद्धत आल्यामुळे एवढ्याशा तुकड्याची तपासणी अधिक सुलभ झाली आहे.

येथे एक सूचना करावीशी वाटते. द्राक्ष आणि ऊस बागायतदार ब्रिक्स मोजण्यासाठी हातातील रिफ्रॅक्टोमीटर वापरतात. तेलाचा एक थेंब टाकून त्याच्या वक्रीभवनांकावरून आयोडीन मूल्याचा अंदाज घेता येतो, हे खरे आहे. परंतु ब्रिक्सच्या साध्या यंत्राची पट्टी तेलापर्यंत पोचत नाही. त्यासाठी तेलाच्या पट्ट्यातील, तापमान स्थिर ठेवणारे यंत्र लागते.

मर्यादा लक्षात घ्याव्यात

पद्धत पर्यावरणपूरक आहे म्हणून तिचा आकडा आपोआप बरोबर ठरत नाही. निकट अवरक्त यंत्र स्वतः काहीही जाणत नाही. आधी अनेक नमुने गॅस क्रोमॅटोग्राफवर तपासून त्यांचे आकडे यंत्राला शिकवावे लागतात. यालाच कॅलिब्रेशन म्हणतात. वजनकाट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का नसेल तर आपण त्यावर माल घालत नाही. येथेही तसेच आहे. करडईचे टरफल जाड असते. म्हणून भुईमुगासाठी शिकविलेले यंत्र करडईला चालणार नाही. तसेच एका भागातील दोन-तीन वाणांवर शिकविलेले यंत्र नव्या वाणाबाबत चुकू शकते.

यासाठी उत्तम मार्ग असा की, सर्व नमुने प्रकाशाने तपासावेत आणि त्यांतील थोडे नमुने, विशेषतः ज्यांचा आकडा संशयास्पद वाटतो ते, एकाच नळीच्या पद्धतीने गॅस क्रोमॅटोग्राफवर पडताळून पाहावेत. द्रावकाचा वापर अत्यल्प राहतो आणि विश्वासार्हताही टिकते.

सरासरीमागे काय दडले आहे?

समजा, उच्च ओलेइक करडई म्हणून पेरलेल्या मालात ओलेइक आम्ल ५५ टक्के आले. शुद्ध उच्च ओलेइक दाण्यात ७६ आणि साध्या दाण्यात १४ टक्के धरल्यास, हा माल सुमारे दोन भाग उच्च ओलेइक आणि एक भाग साधा असा मिसळलेला असण्याची शक्यता आहे. पोत्याची सरासरी एवढेच सांगते. एकेक दाणा वेगळ्या नळीत तपासला तर दाण्यांचे दोन गट स्पष्ट दिसतात आणि भेसळ सिद्ध होते.

ही भेसळ केवळ खळ्यावर किंवा पोत्यात होते असे नाही. करडईत मधमाश्यांमुळे काही प्रमाणात परपरागीभवन होते आणि उच्च ओलेइक हा गुण अप्रभावी आहे. त्यामुळे शेजारच्या साध्या करडईचा पराग पडला तर त्याच हंगामातील दाण्यात ओलेइक आम्ल घटते. दाणा बाहेरून मात्र तसाच दिसतो. म्हणून अशा वाणाचे घरचे बियाणे दरवर्षी वापरण्यापूर्वी तपासून घ्यावे आणि बियाणे प्रमाणीकरणाच्या नियमांप्रमाणे विलगीकरण अंतर ठेवावे. शक्यतो शेजारच्या सर्व शेतकऱ्यांनी मिळून एकच वाण घेणे अधिक सोयीचे आहे.

नमुना कसा घ्यावा?

उत्तम यंत्रही वाईट नमुन्याला सुधारू शकत नाही. मातीचा नमुना घेण्याची पद्धत बहुतेक शेतकऱ्यांना माहीत आहे. तीच शिस्त येथे पाळावी.

१) मळणीनंतर माल उन्हात वाळवून ओल ८ ते ९ टक्क्यांपर्यंत आणावी. बोंडांचे तुकडे, माती, काड्या काढाव्यात.

२) नमुना केवळ वरच्या पोत्यातून किंवा राशीच्या कडेने घेऊ नये. निरनिराळ्या पोत्यांतून, वरून, मधून व तळातून टोकदार पोकळ सळईने थोडा थोडा माल काढावा.

३) सर्व माल स्वच्छ कापडावर एकत्र करून चांगला मिसळावा. ढिगाचे चार समान भाग करून समोरासमोरील दोन भाग काढून टाकावेत. सुमारे अर्धा किलो माल उरेपर्यंत ही क्रिया पुन्हा पुन्हा करावी.

४) त्याचे दोन भाग करावेत. एक भाग प्रयोगशाळेत पाठवावा, दुसरा बंद करून स्वतःजवळ ठेवावा. आकड्याबद्दल वाद झाल्यास तो उपयोगी पडतो.

५) नमुना कोरड्या कापडी पिशवीत भरावा. शेतकऱ्याचे नाव, गाव, वाण, बियाण्याचा स्रोत, पेरणी व काढणीची तारीख पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी पिशवीच्या आत टाकावी आणि एक बाहेर बांधावी.

६) घाण्यावरचे तेल पाठवायचे असल्यास लहान गडद रंगाची, कोरडी काचेची बाटली काठोकाठ भरून घट्ट बंद करावी. अर्धी भरलेली बाटली उन्हात ठेवल्यास तेल वाटेतच खवट होऊ लागते.

अहवाल कसा वाचावा?

अहवालातील टक्केवारी कशाची आहे हे प्रथम पाहावे. तेलाचे प्रमाण हे दाण्याच्या वजनावर असते, तर ओलेइक आम्लाची टक्केवारी ही एकूण स्निग्धाम्लांवर असते. उदाहरणार्थ, १०० किलो दाण्यात ३० टक्के तेल आणि तेलात ७५ टक्के ओलेइक आम्ल असेल, तर तेल ३० किलो आणि त्यात ओलेइक आम्ल सुमारे २२ किलो होते. ७५ किलो नव्हे.

तेलाचे प्रमाण ओलसर दाण्यावर काढले की कोरड्या, याची नोंद अहवालात असावी. तीच करडई अधिक ओलीची असेल तर तेलाचा आकडा कमी दिसतो. तसेच प्रयोगशाळेत ३० टक्के आले म्हणजे घाण्यावर तेवढा उतारा मिळेल असे नाही. घाण्यात काही तेल पेंडीत राहतेच.

तेलातील भेसळ ओळखण्यासही हा अहवाल उपयुक्त आहे. करडईच्या तेलात पामिटिक आम्ल सुमारे ७ टक्के, तर पामतेलात ते सुमारे ४४ टक्के असते. करडईच्या तेलात चौथा हिस्सा पामतेल मिसळल्यास पामिटिक आम्ल १६ टक्क्यांवर जाते. स्वतःच्या घाण्याचे शुद्ध तेल विकणाऱ्या शेतकऱ्याला आपल्या तेलाची शुद्धता दाखविण्यासाठी याहून चांगला पुरावा नाही.

प्रयोगशाळेला तीन प्रश्न अवश्य विचारावेत : तपासणी कोणत्या पद्धतीने केली? यंत्राचे कॅलिब्रेशन करडईवर केलेले आहे काय? वापरलेल्या द्रावकाचे पुढे काय केले जाते? तिसरा प्रश्न विचारण्यास संकोच करू नये. तपासणी आपल्या शेतमालाची असते आणि पाणीही आपल्याच परिसराचे असते.

गटाने तपासणी करावी

एकट्या शेतकऱ्याच्या चार पोत्यांसाठी अहवाल घेऊन खरेदीदाराशी बोलणी करणे अवघड जाते. म्हणून एका गावातील किंवा शेतकरी उत्पादक कंपनीतील सभासदांनी एकच वाण निवडावे, पेरणीपूर्वी बियाणे तपासावे, काढणीनंतर प्रत्येकाचा नमुना प्रकाशाच्या पद्धतीने तपासून सारख्या गुणाचा माल एकत्र साठवावा. साध्या मालाची पोती वेगळी ठेवावीत, त्यांवर खूण करावी. एकत्र साठविलेल्या मालाचा एक पडताळणी अहवाल घेऊन मगच विक्रीची बोलणी करावीत. खरेदीदाराच्या माणसाने सांगितलेला आकडा आणि आपल्या हातातील आकडा समोरासमोर ठेवता आला, तरच भावाची चर्चा बरोबरीने होऊ शकते.

भारतीय करडईच्या दाण्यातील गुण १९५७ च्या सुमारास दूरच्या प्रयोगशाळेत ओळखला गेला, कारण तपासणीची सोय तेथे होती. आज दोन मिलिलिटर द्रावकात किंवा केवळ प्रकाशाच्या झोतात तो गुण आपल्या जिल्ह्यातही ओळखता येण्यासारखा आहे. येत्या रब्बी हंगामात उच्च ओलेइक करडई पेरणाऱ्या शेतकरी बंधू-भगिनींनी पेरणीपूर्वी बियाण्याचा एक नमुना आणि विक्रीपूर्वी मालाचा एक नमुना जवळच्या कृषी विज्ञान केंद्रामार्फत किंवा विद्यापीठाच्या संशोधन केंद्रामार्फत अवश्य तपासून घ्यावा आणि दोन्ही अहवाल जपून ठेवावेत.